वॉटर्लूची पायी सहल: चिखल बघायला पैसे मोजले, पण वसूल झाले

१८१५ साली नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला, त्या बेल्जियममधल्या रणभूमीच्या सहलीला पाचपैकी चार तारे देतोय. एक तारा कापलाय तो वाटाड्यापायी नव्हे, सहल काढणाऱ्या कंपनीपायी. कंपनीचं नाव घेत नाही. ब्रसेल्सहून अशा सहली काढणारे बरेच आहेत आणि थोड्याफार फरकानं सगळे त्याच बांधांवरून फिरवतात, त्यामुळे खालचं बहुतेक सगळं तुम्हालाही लागू पडेल.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या मतांना किती किंमत द्यायची हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल. मी जालना जिल्ह्यातला, भोकरदनकडचा. कृषी खात्यात नोकरी केली, निवृत्त झालो. लढायांचा नाद शाळेपासूनचा, पण वाचायची पद्धत खात्यातली: कोण शूर होता याआधी मी जमीन कशी होती, उतार कुठं, पाणी कुठं, पाऊस कधी झाला ते बघतो. लेक-जावई ब्रसेल्सला असतात. ऑक्टोबरात तिकडे होतो, आठवडाभर पावसाची झड लागली होती. लेक म्हणाली, "बाबा, पाऊस थांबू द्या, मग जाऊ." मी म्हटलं, थांबला की काय बघायचं तिथं? वॉटर्लू बघायचं तर ओलं बघायला हवं.

अर्ध्या दिवसाची ही सहल दहा-बारा जणांना घेऊन मिनीबसनं निघते. रणभूमी ब्रसेल्सच्या दक्षिणेला साधारण १५ किलोमीटरवर. बरेच लोक वॉटर्लू गावात उतरतात आणि इकडेतिकडे शोधत बसतात. लढाई त्या गावात झालीच नाही. नेपोलियनविरुद्ध लढणारा ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन, त्याचा मुक्काम तिथल्या खानावळीत होता, विजयाचा खलिता तिथून गेला, म्हणून नाव त्या गावाचं लागलं. प्रत्यक्ष लढाई दक्षिणेला ब्रेन-लालू आणि प्लांसन्वा या गावांच्या शिवारात झाली. स्वतःचं स्वतः जायचं असेल तर ब्रसेल्सहून ब्रेन-लालूची लोकल गाडी पकडा, स्टेशनवरून पुढे बस मिळते.

कंपनीच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं की ही पावसानं जिंकलेली लढाई. याच वाक्यामुळे मी पैसे भरले आणि याच वाक्याशी माझं पटत नाही. ते पुढे.

वाटाड्या मात्र अस्सल निघाला. निवृत्त भूगोल शिक्षक, इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ, गुडघ्यापर्यंत गमबूट आणि पाठीवर एक जड पिशवी. बसमधून उतरल्यावर बाकीच्या सगळ्या टोळ्या सिंहाच्या टेकडीकडे गेल्या, यानं आम्हाला उलट दिशेला, नांगरलेल्या रानाच्या कडेला नेलं. तिथं बीट काढून नेलेलं होतं, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत पाणी साचलेलं. त्यानं पिशवीतून एक लोखंडी गोळा काढला. फ्रेंचांच्या बारा पौंडी तोफेचा गोळा साधारण असाच, सहा किलोच्या आसपास. आधी तो रस्त्याच्या खडीवर खांद्याच्या उंचीवरून सोडला. ठण्ण करून उसळला आणि गडगडत चाकोरीत गेला. मग तोच गोळा रानात सोडला. थप्प. अर्धा आत. आमच्यातल्या एका पोरानं तो उचलायला बोटं घातली तर गोळ्याआधी मातीचा गोळाच हातात आला.

मग त्यानं समजावून सांगितलं ते असं. त्या काळचा भरीव गोळा फुटत नसे. तोफ जवळजवळ आडवी धरून मारायचे, म्हणजे गोळा शत्रूच्या रांगेच्या अलीकडे जमिनीला शिवायचा, उसळायचा, परत शिवायचा आणि गुडघ्याच्या नाहीतर छातीच्या उंचीनं एकामागे एक उभ्या असलेल्या माणसांतून आरपार जायचा. मारा गोळ्याचा असला तरी निम्मं काम जमीन करायची. १८ जून १८१५ च्या सकाळी त्या जमिनीनं ते काम नाकारलं. आदल्या दिवशी, १७ तारखेच्या दुपारी, दक्षिणेच्या कात्र ब्रा या ठिकाणाहून वेलिंग्टनची फौज मागे हटत असताना ढगफुटीसारखा पाऊस सुरू झाला आणि रात्रभर पडत राहिला. दोन्हीकडच्या माणसांनी तंबूशिवाय, राय या गव्हासारख्या धान्याच्या उभ्या पिकात, चिखलात रात्र काढली. नेपोलियनकडे ऐंशीच्या आसपास तोफांची मोठी रांग होती, पण तिचे बरेचसे गोळे पडले तिथंच रुतले. फुटणारे गोळे होते तेही मातीत घुसून फुटायचे आणि वर चिखलाचं कारंजं उडायचं.

मी तोवर खाली बसून मूठभर माती घेतली होती. सवय जात नाही. ओली माती अंगठा आणि तर्जनीत धरून पुढे सरकवत तिची पट्टी किती लांब निघते ते बघायचं, एवढी साधी चाचणी. आमच्याकडच्या काळ्या मातीची पट्टी लांबलचक निघते, बोटावरून खाली लोंबते. इथली दीड-दोन बोटांत तुटली. खर कुठं लागत नाही, बोटांना पिठासारखी मऊ. ही वाऱ्यानं आणून टाकलेली बारीक पोयट्याची माती, हिमयुगातली. बेल्जियमच्या या पट्ट्यात तिचे जाड थर आहेत आणि त्यावरच यांची बीट-बटाट्याची शेती चालते. पीक उत्तम येतं. पण ओली असताना तुडवली की तिची घडण मोडते, कण सुटे होतात आणि नुसता राडा होतो. काळी माती पायाला धरून ठेवते, ही पायाखालून पळते. हजारो घोडे आणि तोफांचे गाडे यावरून नेले की काय होईल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. वाटाड्या माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "तुम्ही शेतकरी का?" मी म्हटलं, शेतकऱ्यांना शहाणपण शिकवायचा पगार घ्यायचो. त्यानंतर तो निम्मं बोलणं माझ्याकडे बघूनच करायला लागला, त्याबद्दल बाकीच्या मंडळींची माफी.

तर नेपोलियन वाफश्याची, म्हणजे जमीन सुकून वापरण्याजोगी व्हायची, वाट बघत बसला. नेपोलियनच्या खास फौजेच्या, म्हणजे गार्डच्या, तोफखान्याचा जाणकार सेनापती द्रुओ यानं सांगितलं की जमीन थोडी आवळू द्या, मग तोफा हलतील. लढाईला तोंड फुटलं साडेअकराच्या सुमाराला. आता कृषी खात्याचा माणूस म्हणून सांगतो: रात्रभर झोडपलेल्या पोयट्याच्या रानाला चार-पाच तासांत वाफसा येत नाही. वर पापुद्रा धरतो, खाली लोणीच असतं. म्हणजे थांबून जमीन फारशी सुधारली नसणार. आणि खरं तर सगळी फौज सकाळी मांडून तयारही नव्हती. दक्षिणेच्या शार्लरवा शहराहून येणारा फरसबंद रस्ता तो एकच, त्यावर तोफा, दारूगोळा, पायदळ. मागच्या तुकड्या रात्री त्याच रस्त्यावरच्या जनाप गावाच्या बाजूला पसरलेल्या, भिजलेल्या, उपाशी. त्या येऊन रांगेत लागेपर्यंत सकाळ गेलीच. पावसाचा फटका रानाइतकाच रस्त्याला बसला होता. हा मुद्दा वाटाड्यानं आपणहून मांडला, म्हणून त्याला माझे पाच तारे.

रानाच्या कडेनं चालत आम्ही ला हे सँत या वाड्याजवळ आलो. वाडा खासगी आहे, अजून नांदता आहे, आत जाता येत नाही, भिंतीबाहेरून बघायचा. रस्ता इथून हळूहळू चढतो. चढ म्हणाल तर काहीच नाही. सायकलवाल्या बाया गप्पा मारत चढत होत्या. वाटाड्यानं आम्हाला खाली थांबवलं, स्वतः लाल छत्री उघडून हातात उंच धरली आणि चढाच्या माथ्यावरच्या चौकाच्या पूर्वेकडच्या बाजूनं उंचवट्याच्या धारेवरून पलीकडे चालत गेला. आधी बूट दिसेनासे झाले, मग कंबर, मग डोकं, आणि थोड्याच वेळात नुसतं छत्रीचं टोक. पुढच्या क्षणी तेही गेलं. सहा फुटी माणूस आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि आमच्या लेखी तिथं फक्त आभाळ.

वेलिंग्टनची सगळी युक्ती या अदृश्य होण्यात होती. माँ-सँ-जाँ वस्तीजवळची ही धार त्यानं निवडली ती उंच आहे म्हणून नव्हे, तिला पाठीमागचा उतार आहे म्हणून. तोफा आणि विरळ रांग धारेवर, आणि बाकीचं पायदळ पलीकडच्या उतारावर, बऱ्याचदा चक्क आडवं झोपवलेलं. १८१४ साली या भागातून जाताना त्यानं ब्रसेल्सच्या दक्षिणेच्या जागा हेरून ठेवल्या होत्या. फ्रेंच तोफांना समोर दिसायचं काय, तर पिकाची कड. रायचं पीक त्या काळी माणसाच्या उंचीचं असायचं, ते वेगळंच. गोळा धारेच्या अलीकडे पडला तर रुततो, वरून गेला तर बहुतेक वाया. ओल्या जमिनीचा फायदा उचलायला अशीच धार लागते. सपाट रानात पाऊस दोघांना सारखाच भिजवतो.

दुपारी चारच्या सुमाराला नेपोलियनचा सेनापती मार्शल नेय यानं घोडदळ सोडलं, पुढे भर पडत पडत आकडा नऊ हजारांच्या घरात गेला. हा चढ, हे तुडवलेलं रान, अंगावर चिलखत, आणि ला हे सँत व पश्चिमेचा उगुमाँ या दोन वाड्यांच्या मधली अरुंद पट्टी. घोडे चौखूर उधळत आले असं चित्रात दाखवतात. त्या मातीत दुडक्या चालीनं आले असले तरी पुष्कळ. धारेवर पोचल्यावर पलीकडे बघतात तर पायदळाचे चौकोन संगिनी रोखून उभे. घोडा संगिनीच्या भिंतीत शिरत नाही. पुन्हा मागे, पुन्हा चढ. प्रत्येक फेरीला रान आणखी खराब. रस्त्याच्या बाजूला उभं राहून तो चढ एकदा स्वतः चढा, गमबुटासकट. मला धाप लागली, आणि माझ्यावर कुणी गोळ्या झाडत नव्हतं.

आता त्या टेकडीबद्दल. सिंहाची टेकडी म्हणजे इथली खूण, दुरून दिसते, प्रत्येक फोटोत असते. नेदरलंड्सचा राजा पहिला विल्यम याच्या आज्ञेनं बांधली, १८२६ साली पुरी झाली. त्याच्या मुलाला, ऑरेंजच्या राजपुत्राला, जिथं खांद्यात गोळी लागली असं मानतात, त्या जागी. उंची ४० मीटरच्या वर, पायऱ्या २२६, वर २८ टनांचा ओतीव लोखंडाचा सिंह, तोंड फ्रान्सकडे. सगळं झकास. पण एवढी माती आणली कुठून? याच धारेची. टेकडी आणि ला हे सँतच्या बाजूचा चौक यांच्या मधला धारेचा भाग आणि खोलगट वाटेचा एक काठ खरवडून टेकडीवर चढवला. ज्या उंचवट्यानं लढाई ठरवली, तोच लढाईच्या स्मारकासाठी खर्ची पडला. वेलिंग्टन पुढे परत आला तेव्हा माझं रणांगणच बदलून टाकलं, अशी तक्रार त्यानं केली म्हणतात. आमच्याकडे पाझर तलावाच्या कामात असं झालं असतं तर चौकशी लागली असती.

किती माती गेली ते कळायला एक जागा आहे आणि ती दाखवल्याबद्दल वाटाड्याचे विशेष आभार. ला हे सँतजवळ, रस्त्याच्या कडेला, अलेक्झांडर गॉर्डन या वेलिंग्टनच्या साहाय्यकाचं स्मारक आहे. लढाईत तो गेला, भावंडांनी १८१७ साली तुटका खांब उभारला. तो खांब एका मातीच्या ढेकळावर आहे, वर जायला पायऱ्या. पर्यटकांना वाटतं शोभेसाठी उंच केलंय. उलट आहे. खांब मूळ जमिनीवर उभा आहे, आजूबाजूची जमीन खाली गेली. रोजगार हमीच्या कामावर खोदाई मोजता यावी म्हणून मध्येच एक उंचवटा न खणता सोडतात, अगदी तस्सा. पायऱ्या चढून खांबाला पाठ लावली आणि आजूबाजूला बघितलं की लढाईच्या दिवशीची धार मनात पुन्हा भरून काढता येते. माझ्या मते अख्ख्या रणभूमीवरची सगळ्यात मोलाची जागा हीच, आणि फुकट. तिथं आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी रान, मग गॉर्डनचा खांब, मग वेळ आणि गुडघे शिल्लक असतील तर टेकडी. माझे नव्हते. जावईबापू चढून आले, वरून सगळं सपाट दिसतं म्हणाले. दिसणारच. एवढ्या उंचीवरून दहा-पंधरा मीटरच्या चढउतारांचं काय दिसणार? वर जाऊन नकाशा समजतो, जमीन समजत नाही.

पायथ्याशी जमिनीखाली बांधलेलं संग्रहालय आहे, २०१५ साली, लढाईला २०० वर्षं झाली तेव्हा उघडलेलं. शेजारच्या गोल इमारतीत लुई द्युमुलँ या चित्रकारानं १९१२ साली पुरं केलेलं ११० मीटर लांबीचं वर्तुळाकार चित्र. चित्र बघाच, त्यात नेयच्या घोडदळाचा हल्ला आहे. फक्त वर म्हटलं तसं, घोड्यांच्या वेगावर जाऊ नका. संग्रहालयात एक सांगाडा ठेवलाय, २०१२ साली वाहनतळाच्या कामात सापडलेला, लढाईत मेलेल्या एका शिपायाचा. त्याच्यापुढे मी बराच वेळ उभा होतो. लेक बाहेर बोलवायला आली.

उगुमाँचा वाडा पश्चिमेच्या टोकाला. वाटाड्यानं इथं फार वेळ दिला नाही आणि मलाही चाललं, कारण भिंत आणि फाटक यांची गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. एकच सांगतो: आज वाड्याच्या दक्षिणेला उघडं शिवार दिसतं, १८१५ मध्ये तिथं झाडी होती. त्या झाडीमुळे फ्रेंचांना बागेची भिंत दिसलीच नाही. झाडांतून बाहेर पडले ते थेट भिंतीतल्या बंदुकीच्या भोकांसमोर. नुसती आजची जागा बघून "एवढ्याशा भिंतीनं दिवसभर अडवलं?" असं वाटतं ते त्यामुळे.

आता कापलेल्या ताऱ्याचं. जाहिरातीत संपूर्ण रणभूमी असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात बस पूर्वेकडे वळलीच नाही. प्लांसन्वा नाही, लान नदीचं खोरं तर नाहीच. वाटाड्याला विचारलं तर त्यानं खांदे उडवले: मार्ग कंपनी ठरवते. शिवाय गमबूट भाड्यानं मिळतील असं आश्वासन होतं. मिळाले, पण माझ्या मापाचे नव्हते आणि आमच्या मंडळींच्या मापाचे तर अजिबातच. मंडळी चहाच्या टपरीवजा दुकानात बसून राहिल्या आणि परत आल्यावर म्हणाल्या, "एवढा लांब येऊन चिखलच बघायचा होता, तर बांधावर काय कमी होता का?" बुटांचं मी सोडून दिलं असतं. खोऱ्याचं सोडवत नाही, कारण पावसाची निम्मी गोष्ट तिथं आहे.

दुसऱ्या दिवशी जावयाच्या गाडीतून गेलो. पूर्वेच्या वाव्र गावाहून वॉटर्लूकडे येताना लान हा ओढा आडवा येतो. नकाशात नखभर दिसतो. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना उतरणी, तळाला ओलसर कुरण, आणि जुन्या वाटा जमिनीत खोल गेलेल्या, दोन्हीकडे भिंतीसारखे काठ. अशा वाटेत पाणी साचलं की निघायला जागा नसते. १८ तारखेला वेलिंग्टनच्या मदतीला म्हाताऱ्या ब्ल्यूखरची प्रशियन, म्हणजे जर्मन, फौज इथून आली. दोन दिवसांपूर्वी लिन्यी गावी नेपोलियनकडून मार खाल्लेली, ब्ल्यूखर स्वतः घोड्याखाली सापडून ठेचकाळलेला, वय ७२. बारूदखान्याचे गाडे आणि तोफा माणसांनी दोर लावून ओढल्या. सकाळी निघालेलं त्यांच्यातल्या ब्यूलो या सेनापतीचं दळ लढाईत उतरलं साडेचारच्या सुमाराला. एरवी एवढं अंतर काही तासांचं.

म्हणून जाहिरातीतलं ते वाक्य मला खटकतं. पावसानं नेपोलियनला उशीर केला, हे बरोबर. प्रशियनांनाही त्यानंच उशीर केला. त्यांच्या मागावर तेहतीस हजारांची फौज घेऊन गेलेला नेपोलियनचा सेनापती ग्रुशी होता, तोही त्याच पावसात, त्याच चिखलात, मागे पडत गेला. पाऊस कुणाच्या बाजूनं नव्हता. फरक एवढाच की वेळ वाया गेल्यावर कुणाचं नुकसान होणार होतं. धारेमागं झोपून राहिलेल्याला फक्त संध्याकाळपर्यंत टिकायचं होतं. चढून येणाऱ्याला संध्याकाळच्या आत संपवायचं होतं. ला हे सँत सहाच्या पुढे पडलं, तिथल्या, वेलिंग्टनच्या फौजेतल्या जर्मन शिपायांच्या गोळ्या संपल्या म्हणून. तेव्हा वेलिंग्टनचा मध्य खरोखरच उघडा पडला होता. पण तोवर नेपोलियनची राखीव माणसं प्लांसन्वाच्या गल्ल्यांत प्रशियनांशी झुंजण्यात गुंतली होती. हे सगळं त्या ओढ्याच्या काठावर उभं राहिल्यावर सहज जुळतं. कंपनीनं अर्धा तास जास्त दिला असता तर तिच्या बसमध्येच जुळलं असतं.

इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीच्या राखेमुळे हा पाऊस पडला असंही हल्ली वाचायला मिळतं. उद्रेक एप्रिल १८१५ चा, आणि १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही, तिथवर ठीक. पण जूनमधल्या एका पावसाचा हिशेब थेट तांबोरावर टाकायला मी धजणार नाही. बेल्जियममध्ये पाऊस पडायला ज्वालामुखी लागत नाही, हे मी आठवडाभर अनुभवलं.

वाटाड्याला मी आमच्या भोकरदनकडच्या असईच्या लढाईबद्दल सांगितलं. नाव त्यानं ऐकलं होतं, जागा ठाऊक नव्हती. २३ सप्टेंबर १८०३, हाच वेलिंग्टन, तेव्हा नुसता आर्थर वेलस्ली. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज. आपल्याकडची माणसं सांगत होती की जवळपास उतार नाही, नदी ओलांडता येणार नाही. त्यानं पाहिलं की केळणेच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरुड ही गावं समोरासमोर आहेत. दोन गावं अशी समोरासमोर वसली तर त्यांच्यात येणंजाणं असणार, म्हणजे नदीला उतार असणारच. होता. तो पलीकडे गेला आणि दोन नद्यांच्या मधल्या अरुंद पट्टीत शिरला, जिथं मोठ्या फौजेला त्याला दोन्हीकडून घेरता येणार नव्हतं. शिंद्यांच्या पलटणींचा सेनापती पोलमन, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. त्याच्या माणसांनी इतक्या शिस्तीत तोंड फिरवलं की वेलस्लीचा पुढचा बेत कोलमडला. त्या दुपारी त्याची सुमारे १,६०० माणसं मेली किंवा जखमी झाली. म्हातारपणी कुणी विचारलं, तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, तर त्यानं असईचं नाव घेतलं असं सांगतात.

त्या मोहिमेला त्यानं हंगामही मुद्दाम पावसाळ्याचा निवडला होता. ऑगस्टात अहमदनगरचा किल्ला घेतला. नद्या भरलेल्या असल्या की मराठ्यांचं हलकं घोडदळ हवं तिथून हवं तिकडे जाऊ शकत नाही, हे त्याचं गणित. स्वतःला ओलांडायला वेताच्या टोपल्यांवर कातडं चढवलेल्या नावांची तयारी त्यानं ठेवली होती. ज्या पावसाळ्यात आपल्याकडे मोहिमा थांबायच्या आणि दसऱ्याला सीमोल्लंघन व्हायचं, तो त्यानं आपल्या कामाला लावला. हे ऐकल्यावर वाटाड्यानं वही काढली आणि केळणा कसं लिहायचं ते विचारलं. मी लिहून दिलं. ला हे सँत राखणारे ते जर्मन शिपाईही हॅनोव्हरकडचेच, हे त्यानं मला सांगितलं. हिशेब फिटला.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. बूट स्वतःचे न्या, वरपर्यंत चिखल लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिकं निघालेली असतात, जमिनीची ठेवण उघडी दिसते. जूनमध्ये उभ्या पिकामुळे निम्मं झाकलं जातं, पण जूनमधल्या स्मरणदिनी जुन्या गणवेशातली माणसं बघायची हौस असेल तर तेव्हा जा. शिवारं खासगी आहेत, बांधावरून आणि वाटांवरूनच चाला. शाकाहाऱ्यांनी डबा न्यावा, नाहीतर बटाट्याच्या तळलेल्या काड्यांवर दिवस काढायची तयारी ठेवावी. काड्या मात्र फर्मास असतात. ज्येष्ठांना रानातली वाट जमते, टेकडी अवघड. आणि पूर्वेचं खोरं सहलीत आहे का, हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घ्या. मी कंपनीला कळवलंय. त्यांनी लानचा फेरा जोडला तर हा पाचवा तारा इथं येऊन देईन.